तीनशे हातांचं तारू

संडेस्कूलच्या मुलांसाठी पप्पांनी नोहाचं तारू केलं ते बायबलमधल्या मापांना धरून: तीनशे हात लांब, पन्नास रुंद, तीस उंच, आणि एका हाताला अर्धा सेंटिमीटर. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. सांध्यातून केस जाईल तर शपथ. कडी मात्र दाराला बाहेरून.

"आतून नको का?" लेकीनं विचारलं.

"दार देवानं लावलं होतं. तो काय आत बसणार होता?"

लेक जहाजांच्या आराखड्यांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिनं विज्ञान घेतल्यापासून घरात जलप्रलयाचा विषय निघत नसे. निघालाच तर आई पाण्याचा जग पुढे सरकवून तो बुडवी. आता पप्पांनी तिच्या कामातलं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. "तुमच्या त्या लाटांच्या टाकीत सोडून बघ. उद्या मुलांना सांगेन, माझ्या लेकीनं तपासलंय, खरं आहे."

ती हो म्हणाली. तारवाची ती पेटी कलंडेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, असा तिचा हिशेब.

टाकी चालवणारे काका पप्पांनी उचलून आणलेल्या पेटीकडे बघून म्हणाले, "प्राणी कुठायत?"

"लोखंडी वजनं भरा."

"जोडीजोडीनं?"

निम्मी बुडेल एवढी पेटी भरून त्यांनी लाटा सुरू केल्या. दहा सेंटिमीटरच्या, म्हणजे खऱ्या मापात नऊ मीटरच्या. पेटी झुकली, सावरली. तिनं ती लाटांना आडवी वळवली. झुकली, सावरली.

"मागच्या महिन्यातल्या बोटीपेक्षा गुणी आहे," काका म्हणाले.

तिनं कागदावर आकडे मांडले. आकडेही पेटीच्याच बाजूचे निघाले. हे प्रमाण लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, की अंधारात मारलेला दगड नेमका लागला? तिला सांगता येईना.

"मग, खरं ना?" काठावरून पप्पांनी विचारलं.

"तरंगतं, हे खरं."

"तेच विचारतोय."

"तेच नाही, पप्पा." एवढं पाणी आलं कुठून, गेलं कुठे, सगळे प्राणी मावले कसे, सगळं तिच्या जिभेवर होतं, पण त्यातलं काहीच या टाकीत तपासलेलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "खरं तारू एकशे पस्तीस मीटर लांब. मोठं केलं तरी तोल असाच राहतो. मजबुती राहत नाही."

पप्पांनी ओल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"फळीचं तसंच," ते हळूच म्हणाले. "हातभर लांबीची वाकत नाही. तीच आठ हात घेतली की पोटात झोळ."

त्यांना एवढ्या चटकन कळावं, असं तिला वाटलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघवेना. "लोखंडी पट्ट्या मारल्या असतील तर?"

"लोखंडाचं कुठे लिहिलेलं नाही."

"आतून आडव्या तुळया?"

"तरी वाकणार. लाकूड मी ओळखतो."

आपण तारवाच्या बाजूनं भांडतोय आणि पप्पा विरुद्ध, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. काका पेटीतली वजनं काढत होते.

"उद्या तुझं नाव घेऊ का?"

"घ्या. पण तोलाचं सांगाल तर झोळाचंही सांगा."

"आठ-आठ वर्षांची पोरं आहेत ती."

"मीही आठचीच होते, तुम्ही मला सांगितलंत तेव्हा."

पप्पा पेटी सदऱ्यानं पुसू लागले. "तेव्हा तू विचारलं होतंस, लाकडाच्या जहाजात वाळवीची जोडी कुठे ठेवली. मी म्हटलं, गप जेव."

"आणि आता?"

त्यांनी कडी काढून आत बघितलं. पुन्हा लावली. पुन्हा काढली.

"आता तू सांग," ते म्हणाले. तिनंही वाकून आत बघितलं.