घरच्याच कापडाचं ठिगळ

बाहीची शिवण संपली. मास्तरांनी मान खाली घातली, दोरा पुढच्या दातांत धरला आणि नेहमीसारखा हिसडा दिला.

दोरा तुटला, पण त्याच क्षणी खालच्या ओठाच्या आत काहीतरी चर्रकन ओढलं गेलं आणि जिभेवर रक्ताची चव आली. हिरडीचं ऑपरेशन होऊन अजून आठवडाही झाला नव्हता. मेलो, मास्तर मनात म्हणाले. दाताची भीती त्यांना नंतर वाटली. आधी वाटली ती बायकोची. ती हाताच्या अंतरावर, पाठमोरी बसून बटणं लावत होती.

दुकान दोघांपुरतंच होतं. तिसरा आला की त्याला दारात उभं राहावं लागे. गिऱ्हाइकं शिंप्याला मास्तर म्हणत आणि ओघानेच त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई, मग तिने कधी शाळेची पायरी चढलेली असो वा नसो. कात्री उचला, दोरा कापा, कात्री खाली ठेवा, एवढ्या वेळात आणखी एक शिवण होते, असं मास्तरांचं म्हणणं. त्यामुळे त्यांनी उभा जन्म दोरे दातांनी तोडले आणि टाचण्या ओठांत धरल्या. हिरडी बिचारी किती सोसणार? खालच्या पुढच्या दातावरून ती सरकत सरकत पार मुळापर्यंत उतरली.

मास्तरांनी तेही चालवून घेतलं असतं. "दुखत नाही ना, मग राहू दे," हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध होतं. पण मास्तरीणबाईंनी ऐकलं नाही. त्यांचे स्वतःचे दात याच औषधाने गेले होते. आज गर्दी आहे, उद्या जाऊ, करता करता एकेक दात हलला आणि शेवटी कवळी आली.

"माझी बत्तिशी वाटीत झोपते," त्या म्हणाल्या होत्या. "तुमची तोंडातच झोपू दे. चला."

दातांची डॉक्टर वयाने त्यांच्या मुलीएवढी. टाळूची पातळ कातडी काढून हिरडीवर शिवायची, असं तिने समजावलं तेव्हा मास्तरांची कळी खुलली.

"म्हणजे ठिगळच की! आणि तेही घरच्याच कापडाचं. मग रंग जुळणार."

"जुळेल काका, पण धक्का लागता कामा नये. खालून रक्त मिळायला लागेपर्यंत ते ठिगळ नुसतं टाक्यांवर असतं. पुढच्या दातांनी काही चावायचं नाही, ओठ ओढून बघायचं नाही, बोलायचं कमी."

"आणि काम?"

"काम हातांनी करता ना? मग करा की खुशाल!"

सगळे हसले. मास्तरही हसले.

मास्तरांच्या गप्प राहण्याने दुकानाचं काहीच अडलं नाही. एक बसचा ड्रायव्हर पोट आत घेऊन मापाला उभा राहिला, तेव्हा मास्तर मिटल्या ओठांनी नुसतं "हुं हुं हूं" म्हणाले.

"कमरेत दोन बोटं जास्त सोडतो म्हणतायत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "श्वास सोडा आता."

"एवढं कुठे बोलले ते?"

"जन्मभर तोंडात टाचण्या धरून बोलले माझ्याशी. मोकळ्या तोंडाने बोलले तर मलाच कळायचं नाही."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं, आणि हातांनी करायच्या कामात तोंडाने घात केला.

मास्तरांनी रक्त गिळलं, शर्ट बटणांसाठी बायकोकडे सरकवला आणि दुसरं कापड पुढे ओढलं. न बोलण्याची मुभा होतीच, ती आता उपयोगी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराचं दार लावून त्यांनी ओठ ओढला, म्हणजे दुसराही नियम मोडला. आरशात दिसलं ते बरं नव्हतं. ठिगळाची वरची कड उचकटून राखेसारखी करडी झाली होती. ओठ सुजला होता.

"सूज वाढलीय का हो?" सूप वाढताना मास्तरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी उशीकडे बोट दाखवलं. झोपेत दबला असेल.

"हं," त्या म्हणाल्या.

सूप घोटून, गाळून, कोमट केलेलं होतं. कवळी आल्यापासून त्या स्वतः बहुतेक असंच जेवत. या आठवड्यात दोघांचं जेवण प्रथमच एक झालं होतं, आणि त्यांना त्याचं केवढं अप्रूप! मास्तरांना प्रत्येक घोटाला स्वतःची लाज वाटली. आता सांगतो, वाटी संपली की सांगतो, असं करत ते दुकानात जाऊन मशीनवर बसले.

दुपारी मास्तरीणबाईंनी अर्धं शटर ओढलं आणि पिशवी खांद्याला लावली.

"उठा. डॉक्टरकडे जायचंय."

"हुं?"

"कालच्या पांढऱ्या शर्टाची बाही मी उसवून पुन्हा घातली. दोऱ्याच्या टोकाला लाल ठिपका होता."

मास्तरांनी तोंड उघडलंच. "मग कालच का नाही बोललीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आता दुपार झाली."

रस्त्यात त्या भराभर पुढे चालत होत्या. मास्तर मागून, शाळेतून नाव काढलेल्या पोरासारखे.

"अगं, ओरड तरी."

"ओरडून ठिगळ चिकटतं का?" त्या थांबल्या. डोळे भरून आले होते. "तुम्ही सकाळी टोस्ट खाता ना, कुरुम कुरुम, मला आवडतं ते ऐकायला. माझ्या तोंडातून गेला तो आवाज. घरातून जायला नको होता."

मास्तरांनी तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला घेतली.

डॉक्टरने दिवा जवळ ओढला आणि ओठ हळूच खाली करून बघितलं.

"काका, काय चावलंत?"

"दोरा," मास्तरीणबाईंनी परस्पर सांगून टाकलं.

डॉक्टरने कपाळाला हात लावला. मग साफ केलं, एक टाका नवा घातला, दिवा दूर केला. "वरचा भाग गेला. तो आता जगणार नाही. खालचा अर्धा मात्र धरलाय. गुलाबी दिसतोय."

"दात?"

"राहील. पण पुढचे दात यापुढे शोभेचे. चावायचं ते दाढांनी. आणि दोरा आयुष्यात पुन्हा नाही."

"दाढांनी टोस्ट चालेल?"

"भरून आल्यावर चालेल की काकू."

"मग झालं तर!" मास्तरीणबाई म्हणाल्या आणि खुर्चीत टेकल्या. कालपासून आवळून धरलेला त्यांचा चेहरा सैल झाला. अर्धं तर अर्धं, मास्तरांनाही वाटलं. पण 'आयुष्यात पुन्हा नाही' हे शब्द त्यांच्याबरोबर दुकानापर्यंत आले.

सूज उतरली, टाके निघाले. टोस्ट आधी चहात बुडवून, मग कोरडा, एका बाजूच्या दाढेखाली वाजू लागला. मास्तरीणबाई तेवढ्या वेळात भांड्यांचा आवाज करत नसत.

अशाच एका सकाळी मास्तरांनी एका कोटाची शिवण संपवली. मान आपोआप खाली गेली, ओठ उघडले, आणि दोऱ्यापासून बोटभर अंतरावर ते थांबले. तसेच, वाकलेले. मग सावकाश ताठ झाले.

कात्री बायकोच्या मांडीशी होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. पण बायको बटणात गुंतली होती, सुई कापडाच्या पलीकडे गेलेली.

"काय हवंय?" तिने वर न बघता विचारलं.

"काही नाही. तुझं होऊ दे."

आणि एका शिवणीचाही वेळ कधी वाया न घालवलेले मास्तर, तिचं बटण पक्कं होईपर्यंत, दोरा ताणून धरून बसून राहिले.