उजवा पुठ्ठा

इटलीतल्या आमच्या मोदेना शहरात पत्रा ठोकणारे ढिगाने आहेत, पण माझ्या पोटात दुखायचं ते एकट्या नेरिओमुळे. मोटारींच्या कारखान्यात तो माझ्या शेजारीच. दुपारी त्याच्या डब्यात बायकोने दिलेली गरम, सारण भरलेली तोर्तेल्लिनी, माझ्या डब्यात गार पाव. त्यात मेला ठोकताना शीळ घालायचा.

नव्या गाडीचं इंजिन पुढे नव्हतं, सीटांच्या पाठीमागे होतं. त्यामुळे सगळा डौल मागच्या चाकांवरच्या फुगवट्यांत. आम्ही त्यांना पुठ्ठे म्हणायचो, घोड्याला असतात तसे. डावा नेरिओकडे, उजवा माझ्याकडे. हातानं ठोकलेल्या पत्र्यात फरक राहणारच. पण गाडीच्या दोन्ही बाजू एका वेळी दिसतात कुणाला? आमचा सगळा धंदा याच भरवशावर चालतो.

गाडीचं चित्र काढणारे साहेब तुरीनहून आले. गाडीभोवती फिरले, खूश झाले. मग आत जाऊन बसले आणि दोन्ही बाजूंच्या आरशांत बघत राहिले. आरशांत दोन्ही पुठ्ठे एकदम दिसतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"डावा छान आहे," ते म्हणाले. "उजवा कापा आणि डाव्यासारखा करा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नेरिओ हळूच म्हणाला, "एर्मेस, मनाला लावून घेऊ नकोस रे. मीच माझा तुझ्यासारखा करतो. साहेबांना काय कळतंय?"

"राहू दे. तुझी भीक नकोय मला."

डोळे मिटून मी त्याच्या पुठ्ठ्यावरून पुन्हा पुन्हा तळवा फिरवला. माझा हात जिथे वर चढायचा, तिथे त्याचा अलगद खाली उतरला होता. त्याचंच बरोबर होतं. हे कळलं तेव्हा तर मी जास्तच जळलो. माझा कापला, हातोडी घेतली आणि नवा हुबेहूब तसा ठोकला.

साहेब पुन्हा आले, आरशांत बघितलं, हसत उतरले आणि माझ्या पुठ्ठ्यावर थाप मारली. "वा, नेरिओ! काय हात आहे तुझा!"

"तो एर्मेसनं केलाय, साहेब."

"असं होय? मग काय, एकच की."

गाडी गाजली. अजूनही डावे पुठ्ठे नेरिओ ठोकतो, उजवे मी. रस्त्यातून एखादी गेली की लोक माना वळवून बघतात आणि मी बायकोला सांगतो, उजवी बाजू माझी. खोटं बोलतो. दोन्ही नेरिओच्याच आहेत.