पणदऱ्याच्या मोटेचा फुटबॉल

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे आणि मी चिडलेला आहे. म्हातारा झालो म्हणून मी चार गोड गोष्टी सांगून तुमच्या डोक्यावरून हात फिरवीन, असं समजू नका. माझ्या आतली रबरी पिशवी केव्हाच विरून गेली, पोट खपाटीला गेलं, पण राग तसाच आहे. तो कुणाचा आणि कशापायी, ते आज सांगून टाकतो.

माझा जन्म १९५५ सालचा, बारामती तालुक्यातल्या पणदऱ्याचा. त्याआधी मी मोट होतो. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची कातड्याची भली मोठी पिशवी. बैल ओढायचे, मी वर यायचो आणि माझे मालक आप्पासाहेब यांच्या वांग्या-टोमॅटोच्या वाफ्यांत पाणी धावायचं. मग त्यांच्या विहिरीवर इंजिन आलं. मला गोठ्यात खुंटीला टांगलं, आणि उंदरांनी माझा काठ कुरतडायला सुरुवात केली.

त्याच साली बारामती आणि इंदापूर तालुक्यांची मिळून पहिली फुटबॉल लीग ठरली. आप्पासाहेब अध्यक्ष. पणदरे, सांगवी, बारामती, डाळज आणि इंदापूर असे पाच संघ. पुण्याहून आणलेला एकुलता एक चेंडू पहिल्याच सरावात बाभळीच्या काट्यावर गेला आणि फाटला. सगळे डोक्याला हात लावून बसले. तेव्हा दत्तोबा पुढे आले.

दत्तोबा पंचक्रोशीच्या मोटा शिवायचे. इंजिनं आली तशी त्यांच्या हातची आरी रिकामी पडू लागली होती. त्यांनी तो फाटका चेंडू मागून घेतला, टाका टाका उसवून त्याच्या पट्ट्या जमिनीवर मांडल्या आणि दोन दिवस नुसते बघत बसले. त्यांच्या बायकोने, म्हाळसाबाईने, जेवायला चार हाका मारल्या तरी उठले नाहीत. मग आप्पासाहेबांकडून मला मागून आणलं, उंदरांनी खाल्लेला काठ टाकून दिला आणि मधल्या चांगल्या कातड्यातून अठरा पट्ट्या कापल्या. दोऱ्याला मेण लावून त्या शिवल्या. पुण्याच्या चेंडूतली पिशवी ठिगळ लावून माझ्या पोटात घातली. वारा भरला तेव्हा मी असा काही टणकन उडालो की म्हाळसाबाईच्या चुलीवरची कढई पालथी झाली. बाई रागावली आणि मग पदर तोंडाला लावून हसली. आयुष्यात माझं एवढं कौतुक पुन्हा झालं नाही.

आप्पासाहेबांनी मला हातात घेऊन फिरवलं आणि चार माणसांदेखत दत्तोबांना शब्द दिला, "फायनलपतुर ह्यो चेंडू टिकला, तर पुढल्या सालापासनं लीगचं समदं चेंडू तूच शिवायचं."

दत्तोबांसाठी तो नुसता शब्द नव्हता. मोटा संपल्यावर हातांना काय काम द्यायचं, या प्रश्नाचं ते उत्तर होतं. म्हणून ते माझ्यामागे प्रत्येक गावी चालत आले. सामना संपला की कोरड्या फडक्याने मला पुसायचे, करंजाच्या तेलाचं बोट फिरवायचे आणि सावलीत टांगायचे. पाण्याचा थेंब लागू द्यायचे नाहीत. दहा सामने झाले. अनवाणी पायांनी मला तुडवलं, ढेकळांत लोळवलं, सांगवीच्या मैदानात तर एका बैलानेही लाथ घातली. माझा टाका हलला नाही. डाळजचा गोलकीपर सिद्धू, मेंढरं भावाच्या स्वाधीन करून खेळायला आलेला गडी, प्रत्येक सामन्यानंतर मला छातीशी धरायचा आणि दत्तोबांना म्हणायचा की तुमचा चेंडू हातात कसा अगदी बसतो.

अंतिम सामना ठरला पणदरे आणि डाळज यांच्यात, बारामतीच्या मैदानावर. आदल्या दिवशी आप्पासाहेबांनी मला पूजेसाठी घरी नेलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. सकाळी त्यांनी मला अंगठ्याने दाबून पाहिलं. दत्तोबांनी वारा गच्च भरला होता, म्हणून मी टणक होतो. आप्पासाहेबांना वाटलं, कातडं वाळलं. आता मोट बरेच दिवस वाळली की पुन्हा चालू करण्याआधी ती विहिरीत भिजत घालतात. कातडं मऊ पडतं, टाके आवळतात. जन्मभर त्यांनी तेच केलेलं. आणि मी तर त्यांच्याच विहिरीची मोट! मला त्यांच्याएवढं कोण ओळखणार?

अहो, दत्तोबांचं घर तिथून हाकेवर होतं. एक हाक मारली असती तर काय पागोटं खाली पडलं असतं? पण ज्याने शिवलं त्याला विचारायचं, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. मी तरंगतोय असं पाहून त्यांनी मला फडक्यात बांधलं, फडक्याला दगड बांधला आणि विहिरीत सोडलं. दुपारपर्यंत मी तळाशी होतो. बाहेर काढून वरवर पुसलं, बैलगाडीत घातलं आणि चारच्या सामन्याला थेट मैदानात ठेवलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या, पण चेंडूला तोंड कुठे असतं?

मी दुप्पट जड झालो होतो. उसळी म्हणून नाही. पोरं लाथ मारायची आणि पाय धरून बसायची. शेवटी पणदऱ्याच्या एका धिप्पाड गड्याने सगळा जोर लावून मला गोलकडे धाडलं. सिद्धूने नेहमीसारखे हात पुढे केले. त्याचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. मित्रांनो, ज्याने मला एवढं जपून धरलं, त्याचाच हात मी मोडला. आणि त्याला गोल म्हणतात. पणदरे जिंकलं.

मग लोक दत्तोबांवर उलटले. कसला चेंडू शिवलास, आत धोंडा भरलास का, असं कुणी काही, कुणी काही बोलू लागलं. दत्तोबांनी मला उचललं. वजन हाताला लागताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला दोन्ही हातांनी पिळलं, तशी पाण्याची धार त्यांच्या पायांवर पडली. त्यांनी वास घेतला. शेवाळाचा होता.

"आप्पासाहेब," ते हळूच म्हणाले, "ह्याला हिरीत कुनी टाकलं?"

आप्पासाहेब चार पावलांवर उभे होते. हातात चांदीचा कप होता. "माझ्याकडनं चूक झाली" एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत. उपरण्याने कप पुसत राहिले. सिद्धू मोडका हात पोटाशी धरून ओरडत होता, "दत्तोबांचा दोष न्हाय! दहा सामनं झालं, चेंडू असा कधीच नव्हता!" पण तोवर ताशा वाजू लागला होता आणि कप देण्याची घाई सुरू झाली होती.

पुढच्या वर्षीचे चेंडू बाहेरून आले. दत्तोबा बारामतीच्या बाजारात चपलांना अंगठे लावत बसले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यांना जड चेंडूवाला म्हटलं आणि ते तसेच वारले. सिद्धू मात्र दर बाजाराला त्यांच्याजवळ येऊन बसायचा, वाकड्या मनगटाने तंबाखू मळून द्यायचा.

मी आता एका काचेच्या कपाटात आहे. खाली पुठ्ठ्यावर लिहिलंय, 'पहिल्या लीगचा चेंडू. आप्पासाहेबांकडून भेट. शिलाई सदोष.' शिलाई सदोष! रोज पोरं येतात, हे वाचतात आणि पुढे जातात. रोज माझ्या अंगाची लाही होते.

मित्रांनो, वस्तू जपा हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणतो, जपण्याआधी ती ज्याने केली त्याला विचारा, आणि बिघडवलीत तर तोंड उघडून तसं सांगा. माझ्यावर एवढे उपकार करा. कधी या कपाटाशी आलात तर पुठ्ठा वाचू नका. काच उघडून घ्या, माझ्या अठरा पट्ट्यांवरून बोट फिरवा आणि दत्तोबांचे टाके मोजा. लाथा खाल्ल्या, विहिरीत बुडालो, सत्तर वर्षं वाळत पडलो. एकही उसवलेला नाही.