शांतारामकाकांना न विचारलेले प्रश्न

जानेवारीत पार्से गावच्या रक्तदान शिबिरात शांतारामकाका माझ्या टेबलासमोर येऊन बसले, आणि माझी अक्कल तिथेच शेण खायला गेली. रक्तपेढीत समुपदेशक म्हणून लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. रक्त घेण्याआधी दात्याला प्रश्न विचारून फॉर्म भरायचा, एवढंच काम. पण काका आमचे शेजारी. मला कडेवर घेऊन काजूच्या बागेत फिरवलेले. आणि फॉर्मवर तर सरळ छापलेलं, बायकोशिवाय कुणाशी संबंध आला का? काकी जाऊन वर्षही झालं नव्हतं. हे मी त्यांना कोणत्या तोंडाने विचारणार? लाजेपायी मी पानभर 'नाही'वर खुणा करत सुटले.

"काका, इथे सही करा."

त्यांनी न वाचता केली. माझ्यावर विश्वास ना!

रक्ताची तपासणी स्वच्छ आली. विषाणू नुकताच शिरला असेल तर काही आठवडे तपासणीत सापडत नाही. तोवर आमचे प्रश्न हाच काय तो पहारा. मार्चमध्ये काकांना कावीळ झाली, हिपॅटायटिस बी निघाला, आणि तो भला माणूस स्वतःहून पेडण्याहून बस बदलत आम्हाला सांगायला आला. आम्ही त्यांच्या रक्ताची पिशवी शोधली. ती सुर्ल्याच्या विनोदिनीला बाळंतपणात चढवली होती. तिला बोलावून तपासलं. तिलाही तोच आजार. 

रक्तपेढीचे प्रमुख डॉक्टर प्रवीणनी काकांना पुन्हा बोलावलं. मी फाइल घेऊन बाजूला उभी.

"डिसेंबर-जानेवारीत इंजेक्शन, टॅटू, काही?"

काकांनी बाही वर केली. दंडावर 'पार्वती'. जत्रेत मशीनवर गोंदवून घेतलेलं काकींचं नाव. विषाणू त्या सुईतूनच शिरलेला. मी ज्या प्रश्नाला लाजले, त्याचा इथे संबंधच नव्हता. साधा गोंदणाचा प्रश्न, तोही मी गिळला होता.

"मग फॉर्मवर 'नाही' कसं?" डॉक्टर कडाडले. "खोटं सांगितलंत तुम्ही! एका बाळंतिणीला ते रक्त गेलं. आजारी पडली ती तुमच्यामुळे!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टेपलरकडे.

"सांगूक इसारलंय, डॉक्टरानू," ते म्हणाले. "माझीच चूक."

आणि मी गप्प राहिले. नोकरी जाईल, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, एवढंच डोक्यात. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. चपला घालताना ते हळूच म्हणाले, "बाय, फुडच्याक मात्र इचार हां."

एक शब्द रागाचा नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी तशीच वळले आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरले.

"डॉक्टर, काका खोटं बोलले. फॉर्मवर नाही, आत्ता तुमच्यासमोर. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं."