पांढरीशुभ्र जाळी

कोळंबीच्या टरफलांचा वास बाईंच्या अंगात इतका मुरला होता, की शेजारीण जिन्यातच म्हणायची, "आल्या बाजार घेऊन!" बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्याच टरफलांतून कायटोसान नावाचा पदार्थ काढायचा, आम्लात विरघळवायचा, बारीक सुईतून सोडायचा. वर विजेचा दाब दिला, की पलीकडच्या पत्र्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या तंतूंची जाळी साचते. न भरणाऱ्या जखमांसाठी. पंधरा वर्षांत बाईंना या कामाची कधी शिसारी आली नव्हती.

शिसारी आली ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांची, सरांची.

जाळीत आम्ल उरतं. ते क्षाराच्या पाण्यात धुऊन काढावंच लागतं, नाहीतर ओल लागली की सगळा चिकट लगदा होतो. पण धुतलेली जाळी आक्रसते, पिवळट पडते. सरांना पांढरीशुभ्र हवी होती. "एवढी खेप न धुता ठेवा. फोटोपुरती हो!" बाईंनी ठेवली. नंतर सरांनी तीच खेप 'धुतलेली' अशी चिठ्ठी लावून कपाटात सारली, हे बाईंना कोण सांगणार?

त्या खेपेच्या डब्यातला एक तुकडा बाईंनी गुपचूप घरी नेला. बाबांच्या टाचेची जखम साखरेमुळे चार महिने भरत नव्हती.

रात्री बांधलेली पट्टी सकाळी सोडली. आत शेंबडासारखा बुळबुळीत थर, आंबूस भपकारा आणि खाली लालभडक झालेलं मांस. न धुतलेल्या आम्लाचा तो वास बाई बरोबर ओळखत होत्या.

"चरचरत होतं गं," बाबा म्हणाले. "पण तू केलेलं औषध, म्हटलं लागू पडत असेल."

जखम धुऊन, बाबांना दवाखान्यात पोचवून बाई तडक प्रयोगशाळेत गेल्या. सर रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंना डबा दाखवत होते. उद्यापासून वीस रुग्णांना ती जाळी लागणार होती.

"सगळी धुतलेली! माझ्या आईलासुद्धा डोळे मिटून लावीन," सर छातीठोकपणे म्हणाले.

"आईंना कशाला त्रास? तुम्हीच हात करा पुढे," बाई म्हणाल्या. सरांच्या तळव्यावर जाळी ठेवून त्यांनी वर पाणी ओतलं.

बघता बघता लगदा झाला आणि बोटांमधून ओघळू लागला. डॉक्टरीणबाई मागे सरकल्या. सरांनी तोंड वाकडं केलं. "शी! अहो, फडकं द्या आधी!"

फडकं बाईंच्या हातातच होतं.

"थांबा की जरा," त्या म्हणाल्या. "माझ्या बाबांनी रात्रभर उघड्या जखमेवर ठेवलं होतं."