परतीची दोन तिकिटं

आमच्या किनाऱ्यावर म्हणतात, तेशिदोच्या सान आंद्रेसच्या देवळाला जो जिवंतपणी गेला नाही, त्याला मेल्यावर तरी जावंच लागतं. तेव्हा घरच्या माणसानं त्याला न्यायचं. आदल्या दिवशी कबरीवर जाऊन आवतण द्यायचं, बसमध्ये शेजारची जागा त्याच्यासाठी धरायची, वाटभर बोलत राहायचं. देवाच्या दारात सोडलं की जीव मोकळा.

माझ्या एव्हारिस्तोला जाऊन बारा वर्षं झाली, तरी मी त्याला नेलं नव्हतं.

"वहिनी, माझ्या भावाला काय कबरीत मुक्कामाला ठेवलंय?" नणंद बाल्बिना दर सप्टेंबरात विचारायची.

गुडघे, कोंबड्या, पाऊस... माझी कारणं तयार असायची. खरं कारण एकच होतं. चुलीपाशी मी अजून त्याच्याशी बोलत होते. त्याला तिथं सोडून आल्यावर बोलायचं कुणाशी?

यंदा बाल्बिना म्हणाली, "तू नाही तर मी नेते." तेव्हा मात्र उठले. कबरीच्या दगडावर तीनदा टकटक केली. "एव्हारिस्तो, उद्या आठची बस. दाढी करून ये."

बसवाल्या ब्राइसकडे मी जायची-यायची दोन-दोन तिकिटं मागितली.

"काकू, मयताला परतीचं तिकीट? असलं गिऱ्हाईक पहिलंच!"

"गप रे मेल्या. नणंद ऐकेल." तिकिटं खिशात कोंबून मी वर चढले.

खिडकी त्याला दिली. धुकं फाटलं आणि कड्याखाली त्याचा खडक दिसला. "बघ, तुझा खडक." कमरेला दोर बांधून तो तिथं उतरायचा. लाट मागे हटली की खडकाला चिकटलेले पर्सेबे, ते बोटाएवढे शिंपले, खरवडायचा. वर दोर धरून मी ओरडायची, "आली, आली!" आणि तो बोटं रक्ताळलेली, दाढीत फेस, असा हसत वर यायचा. लग्नाआधी त्यानं माझ्या खिशात गुलाबी रानफूल सारलं होतं. म्हणाला, तेशिदोचं आहे, ज्याला द्यावं तो आपला होतो. मुलं झाल्यावर कबूल केलं, तुमच्याच खुराड्यामागचं होतं! लबाड. तेशिदोला कधी पाऊलच टाकलं नव्हतं त्यानं.

बसमधून उतरून देवळाकडे निघालो, तर पायवाटेवर पाल आडवी आली. सगळे थांबले. बाल्बिनानं काठी बाजूला घेतली. "हो बाबा पुढं. कुणाचा जीव असशील, तुलाही पोचायचंय."

आत फादर आमारोंचं प्रवचन चालू होतं. ते अर्धं बोलतात, अर्धं गातात. शब्द सरले की सूर धरतात, आणि तो सूर भिंतींना लागून परत येतो तेव्हा माझ्या तर अंगावर काटा येतो. देवालाही तेवढंच ऐकू जात असेल, असं मला आपलं वाटतं. त्या दिवशी त्यांनी गायलं, "पाहुण्याला दारापर्यंत आणलंत, लेकरांनो, आता त्याचा हात सोडा..." बायांनी तीच ओळ उचलून धरली. मीही गात होते. खिशातला हात मात्र तिकिटं सोडेना.

बाहेर कड्याच्या काठाशी तीच गुलाबी फुलं वाऱ्यात डुलत होती. एक खुडलं आणि देवळाच्या भिंतीतल्या फटीत खोचलं.

"घे, लबाडा. हे खरं तेशिदोचं."

मग बराच वेळ तिथंच उभी राहिले. बाल्बिना हाक मारायची थांबली. जवळ येऊन नुसती उभी राहिली.

परतीला बस गच्च भरली. पावाच्या पिठाच्या रंगीत बाहुल्यांची टोपली घेऊन एक म्हातारी दांडीला धरून डुलत होती. ब्राइस आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "काकू, ती जागा..."

मी खिशातलं त्याचं तिकीट चाचपलं. बाल्बिनानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

"रिकामी आहे," मी म्हटलं. "बसा हो, आजीबाई."

ती टोपलीसकट टेकली. अंगाला भाजल्या पिठाचा वास होता. वळणावर खडक आला, आणि सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "बघ, तुझा खडक."

"कुणाचा गं?" म्हातारीनं विचारलं.

मी तिला सांगायला लागले.