पेंगणाऱ्याचं अंडं

मी आजवर मारलेल्या थापा रस्त्यावर अंथरल्या, तर सणसरपासून बारामतीपर्यंत डांबर लागणार नाही. त्यातली एकच अंगाशी आली, आणि तीही शाळेच्या अंड्यावरून.

माझी नात संस्कृती पहिलीत आहे. डिसेंबरात तिच्या स्वरूपा मॅडमनी वर्गात पेंग्विनचा आठवडा काढला आणि आजी-आजोबांपैकी कुणीतरी मदतीला यावं, असा निरोप धाडला. आमच्या घरी रिकामा मी एकटाच. सून मोना दिवस भरायच्या दोन महिने आधीच बाळंत झालेली, बारामतीच्या दवाखान्यात होती. बाळ अकराशे ग्रॅमचं, काचेच्या पेटीत ठेवलेलं. मुलगा दीपक त्या काचेबाहेर बाकड्यावर बसून. भाकरी शेजारची साखरबाई आणून द्यायची.

बुधवारी गेलो. मॅडमनी घमेल्यात बर्फ आणला होता. पोरांनी आधी उघडा हात घातला आणि बोंब मारली. मग दोन प्लास्टिकच्या पिशव्यांच्या मधे डालडा भरून त्यात हात घालून बघितला, तर थंडी लागेना. "पेंग्विनच्या अंगात अशीच चरबी असते," मॅडम म्हणाल्या. त्यानंतर कागदी पेंग्विनवर मेणखडू घासला आणि त्यावर पाणी मारलं. थेंब घरंगळून गेले. मला ते सगळं इतकं आवडलं, की मी मधल्या सुट्टीतसुद्धा बर्फात हात घालून बसलो.

मग आली अंड्याची चाल. बुधवारी शाळेच्या जेवणात उकडलेलं अंडं असतं. मॅडमनी तीच वाटली, म्हणजे पडलं तरी सांडायला नको. प्रत्येकाने अंडं पायांच्या पंजांवर ठेवायचं, पाय न उचलता फळ्यापासून दारापर्यंत सरकत जायचं. "आई समुद्रावर गेली, की बाबा पेंग्विन असा दोन महिने उभा राहतो. अंडं बर्फाला टेकलं, की संपलं."

"आबा, आता तुम्ही गोष्ट सांगा," मॅडमनीच आग्रह केला. त्यांना बिचाऱ्यांना मी माहीत नव्हतो.

मी सुरू केलं. "आरं, पेंग्विन म्हंजी काय? जो उभ्या उभ्या पेंगतो, त्यो पेंग्विन. आपल्या कालव्याला एकदा एक वाहत आलाय. काळा कोट बघून लोकांना वाटलं, इंदापूरच्या कोर्टातला वकील. तिघांनी त्याला तारीख इचारली. त्यो म्हणला, पायावर अंडं हाय, आज कामकाज बंद."

पोरं लोळायला लागली. संस्कृती मात्र हसली नाही. तिने हात वर केला.

"आबा, आमचं बाळ काचंत हाय. त्याच्यासाठी कोण उभं ऱ्हायलं?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मला गप्प राहता येत नाही, हा माझा जुना रोग. मी म्हणालो, "त्यो पेंग्विन जाताना सांगून गेला. जो अंडं खाली टेकू देत न्हाय, त्याच्या घरचं बाळ काचंतनं भाईर येतं."

झालं. त्या दिवशी तेवढं एक अंडं खाल्लं गेलं नाही.

संस्कृतीने ते घरी आणलं. स्केचपेनने त्यावर 'बाळ' लिहिलं, ळ उलटा. माझी माकडटोपी त्याला घातली आणि ओसरीवर पंजावर घेऊन उभी राहिली. जेवली उभ्याने. झोपली तेव्हा टोपी दोन पायांत धरून. गुरुवारी सकाळी शाळेला जायचं नाव घेईना. दुपारपर्यंत तिच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या.

मी तिच्यापुढे बसलो. "पोरी, त्यो पेंग्विन, त्यो कालवा, सगळं खोटं. थाप मारली मी."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "साखरआजी म्हणती, आबा कायम खोटंच बोलत्यात."

"व्हय, बोलतो."

"मग आता बोललासा ते बी खोटंच."

सत्तर वर्षं थापा मारतोय, पण असा चीत मी कधी झालो नव्हतो. आणि अंडं उकडलेलं आहे, हे सांगायला तोंड उघडेना. त्यावर तिने नाव काय लिहिलंय, ते समोर दिसत होतं. गुपचूप दुसरं कच्चं अंडं ठेवावं, असंही मनात आलं. पण तो उलटा ळ मला काही जमेना. तीन अंडी वाया घालवली.

शेवटी शुक्रवारी म्हणालो, "शाळंत जा. आई नसली की बाबा उभा ऱ्हातो. बाबा बी न्हाय, म्हणून आबा."

तिने अंडं तिच्या पंजावरून माझ्या पंजावर सरकवलं. "हलायचं न्हाय."

"न्हाय."

ती गेली. घरात कुणी नव्हतं. अंडं परडीत ठेवून मी खाटेवर पडलो असतो, तरी कुणाला कळलं नसतं. मी उभा राहिलो. का, ते विचारू नका.

साखरबाई भाकरी घेऊन आली. "काय वं गेणबाराव, कंबर धरली का?"

"अंडं उबवतोय."

तिने टोपी वर करून अंडं बोटाने हलवून बघितलं. "आवं, हे तर उकडल्यालं!"

"हळू बोल. त्याला ऐकू जाईल."

तिने कपाळावर हात मारला. हसेल असं वाटलं होतं. पण तिने भाकरी शिंकाळ्यात ठेवली आणि जाताना पदराने डोळे पुसले.

अकराच्या सुमाराला मला खरंच पेंग आली. तेवढ्यात आत फोन वाजला. फोन चार्जिंगला, मधल्या भिंतीला. मी पंधरा पावलांवर, आणि पाऊल तर उचलायचं नाही. फरशीवर पाय घासत निघालो, मॅडमनी शिकवलं तसा, दोन्ही हात बाजूला काढून. उंबऱ्याशी आलो तेव्हा फोन वाजायचा थांबला. उंबरा चार बोटांचा. अंडं तळहातात धरून एकेक पाय पलीकडे घेतला, ते पुन्हा पंजांवर ठेवलं, तेव्हा घाम फुटला. फोन पुन्हा वाजला.

"आबा, फोन का उचलत न्हाय?" दीपक.

"पाय मोकळा नव्हता. बाळ?"

"अकराशे. कालच्याएवढंच."

"म्हंजी?"

"म्हंजी काय न्हाय, आबा. वाट बघा म्हणत्यात."

पलीकडे तो वाट बघत होता, मी काहीतरी बोलीन म्हणून. नऊशे ग्रॅमचं बाळ पुढे पैलवान झालं, अशी एक गोष्ट तोंडाशी तयार होती. ती बाहेरच आली नाही. "जेव काय तरी," एवढंच म्हणालो.

परत पायांनी फरशी पुसत ओसरीवर आलो.

शाळा सुटल्यावर ती पळत आली. दप्तरासकट खाली वाकली.

"खाली टेकवलं?"

"न्हाय."

"एकदा बी?"

"एकदा बी न्हाय."

"खोटं," ती म्हणाली आणि चपला काढून माझ्या पंजांना पंजे भिडवले. "सरकवा."

मी सरकवलं. तिथेच भिंतीला टेकलो. ती टोपीवर वाकली आणि नाक आक्रसलं.

"आबा, ह्याला वास येतोय."

मी म्हणालो, "बाळाला येतोच वास."

तिने क्षणभर विचार केला. मग मान हलवली आणि टोपी अंड्यावर नीट ओढली.

"व्हय. येतो."